एका भगिनीसाठी प्रार्थना

उपचार संपून सात महिने झाले. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, अनुभव लिहा. दुसऱ्या आजारी माणसाला धीर येईल." मी म्हटलं, लिहिते, पण त्यात धीर देण्यासारखं थोडंच आहे, लाज वाटण्यासारखं जास्त. ते हसले. त्यांना वाटलं मी नम्रतेनं बोलतेय. नम्रता हा माझा गुण नाही, ते पुढे कळेलच.

मी श्रीरामपूरची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आमचे मिस्टर, प्रभाकर, साखर कारखान्यात फिटर होते. दोघंही आता निवृत्त, मुलगा पुण्याला. आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. ती बारा वर्षं मी चालवत होते. कोणाच्या घरात आजार असो, परीक्षा असो, जमलेली सोयरीक मोडू घातलेली असो, प्रार्थना करायला मला बोलावायचे. शालिनीबाईंनी प्रार्थना केली की देव ऐकतो, असं लोक म्हणायचे. ताप उतरला की श्रेय देवाला देऊन उरलेलं मला मिळायचं. मला ते आवडायचं.

मला झाला स्तनाचा कॅन्सर. हा शब्द असा सरळ लिहायला मला फार दिवस लागले. 'छातीचं दुखणं' असं लिहून दोनदा खोडलं.

गाठ

नाताळ नुकताच झाला होता, करंज्या अजून डब्यात होत्या. अंघोळ करताना उजव्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, आणि दुखत नव्हतं. दुखत नाही त्याच्याकडे कोण बघतं? महिनाभर साबण लावताना माझा हात तेवढी जागा सोडून जायचा. बायांनो, ही चूक करू नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

मग नगरच्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आधी विचारलं, "बरोबर कोण आलंय?" प्रभाकर बाहेरच्या बाकावरून उठून आत आले आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे दाराशीच उभे राहिले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "मावशी, गाठ साधी नाही." पुढे त्यांनी पुष्कळ सांगितलं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. मी मान हलवत होते. त्यांच्या पेनाला टोपण नव्हतं आणि मी सगळा वेळ टेबलावर ते टोपण शोधत होते.

बाहेर आल्यावर प्रभाकर म्हणाले, "चहा घेतेस?" मी म्हटलं, "घेते." दोन्ही कप तसेच ठेवून आम्ही उठलो.

एसटी राहुरीपर्यंत आली. मग ते म्हणाले, "पाळकसाहेबांना सांगू या."

"कोणालाच सांगायचं नाही," मी म्हटलं. "मुलालासुद्धा आताच नको."

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. त्या एसटीत माझ्या मनात आधी मरण आलं नाही, देवही आला नाही. आधी गुरुवार आला. बायका काय म्हणतील? काहीतरी पाप लपलं असेल म्हणतील. नाहीतर म्हणतील, जगाला लागू पडणारी हिची प्रार्थना हिलाच कशी लागू पडेना?

चिठ्ठी

आमच्या सभेत एक लाकडी पेटी असते. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून टाकायची. नाव लिहायचं नसेल तर 'एक भगिनी' लिहायचं, असा रिवाज आहे. मी पेटी उघडायची, चिठ्ठ्या वाचायची आणि प्रार्थना करायची.

केमो सुरू होण्याआधीच्या गुरुवारी मी घरी बसून चिठ्ठी लिहिली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. 'एक भगिनी मोठ्या आजारात आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी.' सगळ्यांच्या आधी हॉलवर जाऊन ती पेटीत टाकली. तासाभरानं तीच काढली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "भगिनींनो, कोण आहे ते आपल्याला माहीत नाही. देवाला माहीत आहे."

मग मी प्रार्थना केली. आधी स्तुती, मग कबुली, मग मागणी. मी नेहमी तशीच करते, पायऱ्या पायऱ्यांनी. 'त्या भगिनीच्या उशाशी तू उभा राहा' म्हटल्यावर दोघीतिघींचे हुंदके ऐकू आले. डोळे मिटलेले असूनही कोणत्या बाजूनं आले ते मला कळलं, आणि बरं वाटलं. प्रार्थना चांगली झाली असं बरं. मला स्वतःला मात्र काहीच झालं नाही. दुसऱ्याच्या लग्नात जेवून आल्यासारखी मी घरी आले.

नगरच्या फेऱ्या

दर तीन आठवड्यांनी केमो. शेजारीपाजारी सांगितलं की गुडघ्याच्या व्यायामासाठी नगरला जावं लागतं. पहिल्या खेपेला प्रभाकर आले होते. पुढे मी त्यांना थांबवलं. एका गुडघ्याला दोन माणसं कशाला लागतात, असं कोणी विचारलं असतं.

त्यामुळे मी एकटीच जायची. सकाळची एसटी, मग रिक्षा, मग खुर्ची. तिथल्या एक सिस्टर शीर शोधण्याआधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या आणि मग माझा हात धरायच्या. तेवढ्यासाठी मी त्यांच्या ड्यूटीची वाट बघायची. मग सलाईनच्या नळीतून ते लाल औषध उतरायला लागायचं. सगळ्यांजवळ कोणी ना कोणी असायचं. कोणी पाय चेपायचं, कोणी संत्रं सोलायचं. माझ्या शेजारी माझी पर्स असायची.

दुसऱ्या खेपेला मी तिथे प्रार्थना करून पाहिली. डोळे मिटले, ओठ हलवले आणि निघाला तो सभेतलाच आवाज. 'हे दयाघन परमेश्वरा, तू जो सर्वांचा आधार...' दोन वाक्यांनंतर मी अडकले. पुढचं आठवत होतं, पण म्हणायचं कोणासाठी? तिथे ऐकायला कोणी नव्हतं. बारा वर्षांत माझ्या प्रार्थनेला कोणी ऐकणारं नाही, असं कधी झालंच नव्हतं. दार लावून एकांतात प्रार्थना करा, असं प्रभूनं शिकवलंय आणि मी ते बायकांना किती वेळा समजावून सांगितलं होतं. माझं दार कायम उघडं, आणि बाहेर सतरंज्या घातलेल्या.

शेजारच्या खुर्चीवर शेवगावकडची एक बाई होती. तिनं विचारलं, "कुनासंगं बोलताय, ताई?"

"कोणाशीच नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. मला त्या दिवशी इतकं एकटं वाटलं की परतीच्या एसटीत मी मुद्दाम तिघींच्या बाकावर अंग चोरून बसले, कोणाचा तरी खांदा लागावा म्हणून.

केस पहिल्या केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात गेले. पुण्याहून टोप मागवला. आमच्यात प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर घेतात. मी तो दिवसभर घ्यायला लागले. टोप आणि वरून पदर, संशयाला जागाच नाही. बायका आपसात म्हणायच्या, बाई आता फारच भक्तिमान झाल्या.

घरात प्रभाकर पेज करायला शिकले. पहिली चार पातेली जाळली. तोंड आलं होतं, सगळ्याला लोखंडाची चव लागायची, पण त्यांची पेज मिठाचा खडा घालून गिळता यायची. एकदा मी ती तशीच ठेवली, तर ते ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "तू कोणाला सांगू देत नाहीस. मी कोणापाशी रडू, ते तरी सांग."

"देवापाशी," मी म्हटलं.

"तू रडतेस का त्याच्यापाशी?"

मी पेजेचा वाडगा ओढून घेतला.

डबे

इकडे सभेत दर गुरुवारी 'एक भगिनी' चालूच होती. आता चिठ्ठीचीही गरज राहिली नव्हती, बायकाच आठवण करायच्या. आणि आमच्या बायका नुसत्या प्रार्थनेवर थांबणाऱ्या नव्हेत. ती कोण, याचा शोध सुरू झाला.

शोध सुमनबाईपाशी जाऊन थांबला. सुमनबाई विधवा, आमच्यामागच्या गल्लीत राहते. सभेआधी हॉल झाडते, सतरंज्या घालते. ती ओळीनं तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा गाल बसलेले, अंगावरची चोळी ढिली, पदर तोंडावर घट्ट धरलेला आणि बोलणं बंद. झालं! एकीनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "बाई, बोलू नका कुठं. ती भगिनी म्हंजी सुमनबाईच."

मी तेव्हा नाही म्हणू शकले असते. मी म्हटलं, "देव जाणे."

दुसऱ्या दिवसापासून सुमनबाईकडे डबे सुरू झाले. आज खीर, उद्या सांजा, परवा मुगाची खिचडी. आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, असंही ठरलं होतं. पाळकसाहेब घरी जाऊन, आजाऱ्याला लावतात तसं कपाळाला तेल लावून प्रार्थना करून आले. एका गुरुवारी बायका म्हणाल्या, बाई, आज तुम्ही पेज न्या. मी नेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं पदर तोंडावरून काढला नाही.

तिसऱ्या केमोहून आले त्या संध्याकाळी मी खिडकीशी पडले होते. खालून तिघी जणी हातात डबे घेऊन, हळू आवाजात बोलत सुमनबाईच्या गल्लीकडे वळल्या. मला रडू कोसळलं. ते डबे माझे होते. ते हळू बोलणं माझं होतं. आणि मला सुमनबाईचा राग आला. तिनं काय केलं होतं? काहीच नाही. तरी आला.

पदर

पुढच्या सोमवारी भर दुपारी दार वाजलं. प्रभाकर दळण आणायला गेले होते. टोप खुंटीवर होता. मी घाईनं नुसता पदर डोक्यावर ओढून दार उघडलं. सुमनबाई होती.

ती जमिनीवरच बसली. तोंडावरचा पदर तसाच.

"बाई, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"मला क्यान्सर हाय न्हवं?"

मी काही बोलायच्या आत तिचं सगळं बाहेर पडलं. "म्या समदे दात काढले, बाई. कवळी बसवायला येळ हाय म्हनून तोंड झाकून फिरते. दातवाल्या डाक्टरनं इचारलं, मिस्री लावता का. म्या म्हनले व्हय. त्यानं फोटू काढला आन् काय बोललाच न्हाई. त्यानंच पाळकसाहेबांना सांगितलं आसंल. न्हाईतर ह्या बाया कशापायी डबे आनतील? बारा वर्सं सतरंज्या घालते म्या. कुनी कधी च्या तरी इचारला का?"

"सुमनबाई, तुम्हाला काही झालेलं नाही."

"समदे आसंच म्हनत्यात. आठ दिस झोप न्हाई. पुनतांब्याच्या भावाला बोलवून घेतलं, शेळी त्याच्या दावनीला दिली. तो रडत गेला. नव्या दोन साड्या भाचीला दिल्या." तिनं पदर आणखी घट्ट धरला. "मला कायच न्हाई, तर मंग ती भगिनी कोन?"

अजूनही एक वाक्य माझ्याकडे तयार होतं. 'भिऊ नका, विश्वास ठेवा, या, प्रार्थना करू.' हे मी अर्ध्या झोपेतही म्हणू शकते. पण ती समोर बसून माझ्या मरणाला भीत होती, आणि त्यावर माझ्या कोणत्याही गोड वाक्यानं तिचा विश्वास बसला नसता.

मी पदर खाली घेतला.

ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

"कवापासून?"

"नाताळ झाल्यापासून."

"माझ्या घरी पेज घिऊन आलता, तवा?"

"तेव्हाही."

मला वाटलं ती रडेल, मला धरेल. ती उभी राहिली. "म्या मेले हुते, बाई. आठ दिस रोज मेले. आन् तुमी माझ्या डोक्यावर हात ठिवून परार्थना केली." दाराशी जाऊन ती वळली. "येकदा म्या सभंत गॅसच्या टाकीसाठी परार्थना केली, तवा तुमीच म्हनला हुता. देवापुढं गॅसच्या टाकीचं काय सांगता, सुमनबाई, आधी स्तुती करावी. तवापासून म्या सभंत तोंड उघडलं न्हाई. म्हनलं, आपल्याला येत न्हाई, बाईला येतं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी किती जणींना असं म्हटलं असेन, देवच जाणे.

ती गेल्यावर मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग तोंडातून निघालं, "प्रभू, मी खोटं बोलले. मला मरायचं नाही. मला फार भीती वाटते." स्तुती नाही, पायऱ्या नाहीत. आवाज अगदी घरचा, नाक ओढत काढलेला. उत्तर आलं नाही. उजेड पडला नाही, अंगावर शहारा आला नाही. पण माझं म्हणणं या वेळी मीच म्हणत होते, एवढं मला कळलं. प्रभाकर दळण घेऊन आले आणि मला तशी बघून पिठाचा डबा घेऊनच शेजारी बसले. आम्ही दोघं खूप रडलो. संध्याकाळी मुलाला फोन केला.

जे आजारी आहेत त्यांना माझं इतकंच सांगणं आहे. देवाला चांगली प्रार्थना लागत नाही, खरी लागते. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा. राग असेल तर राग म्हणा. आणि चार माणसांना नाव सांगा, तुमच्या वाट्याचं प्रेम भलत्याच्या दारात नेऊन ठेवू नका.

गुरुवार

त्या गुरुवारी मी टोप न लावता गेले. सुमनबाईनं सतरंज्या घातल्या होत्या. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पंचवीसेक बायका असतील. पेटी न उघडता मी उभी राहिले.

"ती भगिनी मी आहे," मी म्हटलं. "चिठ्ठी मीच टाकली होती. कॅन्सर मला आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि सुमनबाईंना काहीही झालेलं नसताना तुम्हाला तसं समजू दिलं."

मग मागून सुमनबाई म्हणाली, "मला फकस्त दात न्हाईत," आणि तिनं पहिल्यांदाच पदर बाजूला करून सगळ्यांना हिरड्या दाखवल्या. दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. एक जण मात्र उठली. "आमी रोज चुलीपाशी खपलो, आन् बाई गंमत बघत हुत्या," असं म्हणून चपला घालून गेली. ती आजही माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

"माझ्यासाठी प्रार्थना करा," मी म्हटलं आणि सतरंजीवर बसले.

बायकांनी डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. पंखा फिरत होता. कोणी सुरुवातच करेना. बारा वर्षांत माझ्याशिवाय तिथे कोणी सुरुवात केली नव्हती. त्यांच्या शब्दांना मी इतकं दुरुस्त केलं होतं की आता माझ्यासाठी मागायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. इतक्या बायकांच्या मध्ये बसून मी नगरच्या त्या खुर्चीवर होते तेवढीच एकटी होते. ही शांतता माझीच कमाई होती.

मागे कोणीतरी घसा साफ केला. सुमनबाईचा आवाज दातांशिवाय फुसफुसत येत होता.

"परभू, ह्या बाईचा मला लई राग आलाय. उद्या बी आसंल. पन तिला मरू दिऊ नको. ती भ्याली हाय. म्या आठ दिस भ्याले, मला ठावं हाय कसं हुतं ते. आमेन."

मग ती उठून पुढे आली आणि माझ्याशेजारी बसली.